शाळेला फुकट टीव्ही मिळतोय, पण मधे जाहिराती लागणार. घ्यावा का?

माणदेशी_बाई

नमस्कार. मी साताऱ्याच्या माण तालुक्यात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा, पट ४१. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. प्रश्न शेवटी विचारते. आधी काय काय झालं ते सांगितलं नाही तर तुम्ही म्हणाल, धर्माची गाय आणि दात का गं नाही.

जुलैत शाळेत तीन पोरं आली. एका साबणाच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या एजन्सीची. पिवळे टी-शर्ट, खांद्याला अडकवलेला स्पीकर, आणि तिघांतला एक जण हिरव्या स्पंजचा जंतू झालेला. परवानगीचं पत्र बरोबर होतं. हात धुण्याचा कार्यक्रम, पाऊण तासाचा. वाईट काहीच नव्हतं हो. जंतू वर्गभर पळाला, मुलं त्याच्यामागे पळाली, गाणं म्हणत सगळ्यांनी हात धुतले. प्रत्येकाला एक छोटी वडी आणि २१ दिवसांचा तक्ता मिळाला. जेवणाआधी हात धुतले की एक चौकोन रंगवायचा, आठवड्याला बाईंची सही, शेवटी शाळेचा शिक्का. जाताना फोटो झाला: मुलं पुढे, बॅनर मागे, मी आणि सर दोन बाजूंना. त्या दिवशी मी खूश होते. एरवी पोषण आहाराच्या रांगेत 'हात धुवा, हात धुवा' करून माझा घसा बसतो, आणि इथे मुलं टाकीच्या तोटीपाशी आधी कोण म्हणून भांडत होती.

तिसऱ्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलाची आई आली. खुरपणीला निघालेली, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. दारातूनच म्हणाली, "बाई, तुमी त्योच साबण आणाय सांगितलाय म्हनं. आमच्यात धुण्याच्या वडीनंच हात धुत्यात. हे पोरगं त्या वडीला शिवंना झालंय. म्हनतंय, बाईंनी सांगितलंय, दुसऱ्या साबणानं किडं मरत न्हाईत."

मी म्हटलं, अहो, मी असं काही बोलले नाही. ती म्हणाली, "मग आता तुमीच सांगा त्येला."

मी त्याला बोलावलं. सांगितलं, बाळा, कुठल्याही साबणानं हात धुतले तरी चालतं. त्यानं मान हलवली, जागेवर गेला, दप्तरातून तक्ता काढून आणला आणि माझ्यापुढे धरला. वर त्या वडीचं मोठं चित्र, खाली माझ्या तीन सह्या.

तेव्हापासून माझे कान जरा उभे राहिले. सप्टेंबरात चौथीला 'माझी सकाळ' हा निबंध दिला होता. एका मुलानं लिहिलं, 'आई मला दुधात चॉकलेटी पावडर घालून देते. ते पिल्यावर मला ताकद येते व माझी उंची वाढते. मग मी व पप्पा गाडीतून शाळेत जातो.' आता हा मुलगा मला रोज सकाळी सातला एसटी थांब्यावर दिसतो. हातात किटली, निघालेला असतो दूध संकलन केंद्रावर. घरी दोन म्हशी आहेत. चहापुरतं ठेवून बाकी सगळं दूध डेअरीला जातं, आणि तो चहाही पाहुणा आला नाही तर कोराच. वडील वाशीला माथाडीत आहेत, जत्रेला आणि दिवाळीला येतात. मी लाल पेन धरून कितीतरी वेळ बसून राहिले. शुद्धलेखनात चूक नव्हती. दहापैकी आठ दिले.

आता प्रश्न. त्याच एजन्सीचा माणूस मागच्या आठवड्यात परत आला. म्हणाला, शाळेला ४३ इंची टीव्ही देतो, आत पहिली ते चौथीचे पाठ भरलेले आहेत. अटी अशा: तीन वर्षांचा करार. टीव्ही रोज किमान दोन तास लावायचा. त्या दोन तासांत पाठांच्या आधी-मधे मिळून १२ मिनिटं 'प्रायोजकांचे संदेश' येतील. साबण, दंतमंजन, दुधातली पावडर, बिस्किटं. टीव्हीत सिमकार्ड असतं, कधी लावला आणि किती वेळ लावला ते त्यांना तिकडे दिसतं. शिवाय रस्त्याकडच्या भिंतीला फुकट रंग, त्यावर पाढे आणि त्यांचं कार्टून.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतात, आपल्या खिशातलं काय जातंय? आमचे सर म्हणतात, बाई, घरी तीन तास जाहिराती बघूनच येतात पोरं, इथल्या १२ मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे? दोघंही चुकीचे नाहीत. मलाच काय खुपतंय ते नीट सांगता येत नाही, म्हणून तो तक्ता डोळ्यांपुढून जात नाही एवढंच सांगत बसते. कुणाला अनुभव आहे का? नियम काय आहेत? मंगळवारी बैठक आहे.

खडूफळा_लातूर

बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घ्या टीव्ही.

आमचा पट तुमच्यासारखाच, ५२. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान आपल्याला, म्हणजे ३१ ते १०० पट असलेल्यांना, वर्षाला २५ हजार. त्यात खडू, रंगरंगोटी, संडास-मुतारीची दुरुस्ती, वीजबिल, सगळंच. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा आम्ही गावभर फिरून लोकवर्गणी काढली. पंचेचाळीस हजार जमले. प्रोजेक्टर आणला, 'डिजिटल शाळा' अशी पाटी लावली, पुढाऱ्याच्या हस्ते नारळ फोडला. दीड वर्षात दिवा गेला. नवा दिवा आठ हजार. प्रोजेक्टर कपाटात आहे, पाटी अजून आहे.

जाहिरातींचं म्हणाल तर आपण काय आकाशातून पडलो का? मी शनिवारी दुपारी 'शक्तिमान' बघायला शेजाऱ्याच्या खिडकीत लटकायचो. च्युइंगगमबरोबर क्रिकेटची कार्डं मिळायची, त्यापायी आजीच्या कनवटीचे पैसे चोरलेत. रसना, विको, निरमा, सगळी गाणी आजही म्हणून दाखवतो. लिज्जतच्या जाहिरातीतला रामदास पाध्येंचा ससा तर आमच्या गॅदरिंगमधेही यायचा, एक पोरगं कापडी कान लावून 'कर्रम कुर्रम' करायचं. बिघडलो? शिक्षक झालो. (बिघडणं म्हणजे तेच, असं आमची मंडळी म्हणतात ते सोडा.)

टीव्ही घ्या, मागे पेनड्राइव्हची जागा असणारच. आपले पाठ लावा. १२ मिनिटं आवाज बंद करा आणि पोरांना पाढे म्हणायला लावा. हाय काय नाय काय.

माणदेशी_बाई

सर, राग कसला. पण ते मी विचारलं. पेनड्राइव्ह चालत नाही. आवाजाचं बटणही नाही, रिमोट दाखवला त्यानं. चालू, बंद, पुढचा पाठ. एवढंच.

आणि तुमची आजी तुम्हाला धपाटा घालू शकत होती ना? त्या बाईला तेवढंही करता येईना, कारण पोरगं माझं नाव सांगत होतं.

निवृत्त_केंद्रप्रमुख

वर टीव्हीचा विषय निघाला म्हणून. शाळेत टीव्ही ही नवी गोष्ट नाही, जाहिरात आली ही नवी.

१९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. शाळेतल्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार करायचे आणि ते दूरदर्शनवरून दाखवायचे. मी तेव्हा नव्यानं लागलेला शिक्षक. आमच्या शाळेला टीव्ही मिळाला. फुलपाखरू कोशातून कसं बाहेर येतं हे मी स्वतः आयुष्यात पहिल्यांदा त्या कार्यक्रमात पाहिलं, वर्गातल्या चाळीस पोरांबरोबर. मधे कुणी काही विकायला आलं नाही. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासूनच होत्या, पण शाळेच्या वेळेत आमच्यापुढे फक्त फुलपाखरू होतं.

खोटं कशाला बोलू, टीव्ही बहुतेक वेळ मुख्याध्यापकांच्या घरी असायचा. 'शाळेत चोरी होईल' हे कारण. रविवारी सकाळी अर्धं गाव तिथेच रामायण बघायला. तीच बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. सरकारी टीव्ही निघून गेला आणि जागा रिकामी राहिली, तिथे आता हा माणूस रिमोट घेऊन उभा आहे. त्याचा तरी काय दोष. सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळेचा शासन निर्णय निघाला, त्यात तर ठरावीक रक्कम देणाऱ्याचं नाव शाळेच्या नावाला जोडायची सोय आहे. तुमच्याकडे निदान भिंतीवरच थांबलेत.

वाईकर_मिशिगन

बाई, तुमचा प्रश्न वाचून मला १९९७ आठवलं. अगदी हाच करार. फक्त तुमचा टीव्ही ४३ इंची, आमचा १९.

मी मूळची वाईची, लग्नानंतर इकडे आले. मुलगा सातवीत होता. एके दिवशी दुकानात हट्ट धरून बसला, मुरुमांचं क्रीम हवं म्हणून. बारा वर्षांचा पोर, गाल लोण्यासारखे, एक पुटकुळी नाही. मी विचारलं, अरे, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, शाळेत. मला वाटलं मित्र चिडवत असतील. म्हणाला, नाही, शाळेत दाखवतात.

मग कळलं, इथे 'चॅनल वन' म्हणून प्रकार होता. ख्रिस व्हिटल नावाच्या उद्योजकानं १९९० मध्ये तो देशभर सुरू केला. शाळेला डिश अँटेना, व्हीसीआर आणि वर्गावर्गात टीव्ही फुकट. बदल्यात रोज १२ मिनिटांचा कार्यक्रम दाखवायचा, १० मिनिटं बातम्या आणि २ मिनिटं जाहिराती. करार तीन वर्षांचा. शाळेच्या ९० टक्के दिवशी आणि ८० टक्के वर्गांत तो लागलाच पाहिजे, नाहीतर सामान परत. शाळांची संख्या १२ हजारांच्या घरात गेली होती, आणि मुलं ८० लाख. बातम्या वाईट नसत, ते मान्य करते. अँडरसन कूपर इथल्या वृत्तवाहिनीवर मोठा झाला, त्याची सुरुवात तिथलीच.

पालक सभेत मी हिशेब मांडला. माझं इंग्रजी तेव्हा अडखळतच होतं, पण आकडे नीट येतात. वर्षाला १८० दिवस शाळा. रोज १२ मिनिटं म्हणजे ३६ तास. त्यातल्या नुसत्या जाहिरातीच ६ तास, म्हणजे शाळेचा एक अख्खा दिवस. मी विचारलं, वर्षातून एक दिवस सकाळी आठ ते दुपारी दोन मुलांना कोंडून फक्त जाहिराती दाखवायच्या म्हटलं तर तुम्ही सही कराल का? सगळे हसले. मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, मिसेस अमुक, मग टीव्हीचे पैसे तुम्ही देता का?

त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. हा टीव्ही गरीब वस्त्यांतल्या शाळांनीच जास्त घेतला, ज्यांच्याकडे पुस्तकांनाही पैसे नव्हते. बड्या उपनगरांतल्या शाळा नको म्हणू शकत होत्या.

विरोध सगळीकडून झाला, गंमत म्हणजे अगदी दोन टोकांच्या लोकांकडून. १९९९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा डावीकडचे राल्फ नेडर आणि कट्टर उजव्या फिलिस श्लाफ्ली, दोघंही एकाच बाजूनं बोलले. आपल्याकडे असं दृश्य कल्पून बघा. न्यूयॉर्क राज्यानं सरकारी शाळांत तो शिरूच दिला नव्हता. पण बाकी ठिकाणी चालला, हळूहळू आटला आणि २०१८ मध्ये बंद पडला. तोवर पोरांच्या हातात फोन आले होते, जाहिरातवाल्यांना वर्गाची गरजच उरली नव्हती.

ते क्रीम मी घेतलं. हट्टापुढे हरले. सगळ्या चेहऱ्याला चोपडून झोपला आणि सकाळी गाल टोमॅटोसारखे.

अर्धी_ओळ

मी चौदा वर्षं मुंबईत जाहिरात एजन्सीत मराठी कॉपी लिहिली. आता सोडलंय. तेव्हा पलीकडच्या बाजूनं दोन शब्द.

ताई, तो तक्ता. 'बाईंना दाखवा, शाबासकी मिळवा' अशी ओळ त्यावर होती का? तुमच्या तक्त्याचं मला माहीत नाही, पण अशाच एका तक्त्यासाठी ही ओळ मी लिहिली होती. पंधरा मिनिटांत सुचली, सगळ्यांना आवडली.

हे काम चालतं कसं ते सांगतो. ह्याला आमच्यात 'स्कूल अ‍ॅक्टिव्हेशन' म्हणतात. कंपनी एजन्सीला मुलामागे पैसे देते. एजन्सी त्या पिवळ्या टी-शर्टवाल्या पोरांना रोजंदारीवर ठेवते, दिवसाला तीन-तीन शाळा. त्यांच्यावर चिडू नका, जंतू झालेला पोरगा बहुतेक एफवायचा असतो आणि त्या स्पंजमध्ये उकडून मरत असतो. संध्याकाळी तीन गोष्टी पाठवाव्या लागतात: बॅनरसह फोटो, मुलांचा आकडा आणि शाळेचा शिक्का. त्याशिवाय बिल निघत नाही. म्हणजे तुमचा शिक्का हीच आमची पावती.

टीव्हीवर तीस सेकंदांत आईला पटवायचं तर पैसे ओतावे लागतात, आणि आई शहाणी असते, ती स्वयंपाक करता करता दुर्लक्ष करते. बाई बोलल्या की पोर ऐकतं, आणि पोर बोललं की आईला ऐकावं लागतं. आमच्या मीटिंगमध्ये हे इतक्या उघडपणे बोललं जायचं की मला त्यात काही वावगं आहे असं पहिली पाच-सहा वर्षं वाटलंही नाही. माझी मुलगी पहिलीत गेली आणि एक दिवस 'आमच्या टीचर म्हणाल्या' असं म्हणून तिनं माझीच ओळ मला ऐकवली. दुसऱ्या ब्रँडसाठी लिहिलेली.

लहान मूल जाहिरात ओळखतं, म्हणजे हा कार्यक्रम नव्हे हे त्याला कळतं. पण समोरचा आपल्याला काहीतरी विकतोय, हे साधारण आठ वर्षांच्या आधी नीट कळत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या गटानं २००४ मध्ये ह्याच कारणासाठी आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंधनं घाला म्हणून सांगितलं. स्वीडननं तर १९९१ पासून बारा वर्षांखालच्यांना उद्देशून टीव्ही जाहिराती बंदच केल्यात. तुमची पहिली-दुसरी सहा-सात वर्षांची. आणि घरच्या टीव्हीवर निदान गाणं बदलतं, रंग बदलतो, कळतं की जाहिरात आली. वर्गात भागाकाराच्या पाठोपाठ त्याच आवाजात पावडर आली तर ते मूल काय करणार? वहीत उतरवून घेणार.

आता नियम, कारण ते तुम्हाला बैठकीत लागतील.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे शाळकरी मुलांच्या आहाराबद्दलचे नियम २०२० चे आहेत. मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत करता येत नाही. बिस्किटाचा आणि पावडरीचा पुडा मागून घ्या, मागची बारीक अक्षरं वाचा, १०० ग्रॅममध्ये साखर किती ते बघा, आणि त्या माणसालाच विचारा की हे वर्गात दाखवायला चालतं का.

दुसरं, जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं. त्यात मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींचा वेगळा भाग आहे. पुराव्याशिवाय ताकद, बुद्धी, पोषणाचे दावे करायचे नाहीत. आणि एक कलम मला फार आवडतं: मुलं जे नैसर्गिक किंवा पारंपरिक अन्न खातात त्यापेक्षा हा माल सरस आहे असं भासवायचं नाही. ताई, तुमच्या चौथीतल्या निबंधावर हे कलम लावून बघा.

तिसरं, त्या पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणायची सोयही राहिलेली नाही. अशी कुठली व्याख्याच अन्नसुरक्षा कायद्यात नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना बॉर्नव्हिटासकट सगळी पेयं त्या यादीतून काढायला सांगितली.

साबण आणि दंतमंजनाला ह्यातलं खाण्याचं काही लागू होत नाही. तिथे तुम्हाला तुमच्या तोंडानंच नाही म्हणावं लागेल.

खडूफळा_लातूर

हे पुड्याचं आवडलं. आमच्या पोरांना पुढच्या आठवड्यात परिसर अभ्यासात हाच उपक्रम देतो. घरून रिकामे पुडे आणा, साखर शोधा.

टीव्हीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. आमच्या पोरांनी समुद्र बघितलेला नाही. १२ मिनिटं साबण बघून समुद्र दिसणार असेल तर मी साबण बघू देईन. तुम्ही सगळे जिथून बोलताय तिथे समुद्र आहे.

वाईकर_मिशिगन

सर, मिशिगनला समुद्र नाही, तळी आहेत. पण तुमचं म्हणणं पोचलं. त्या मुख्याध्यापिकाही हेच म्हणत होत्या.

माणदेशी_बाई

मंगळवारची बैठक झाली. उशिरा लिहितेय, केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन दिवस गेले.

मिशिगनच्या ताईंचा हिशेब मी आमच्या शाळेला लावून नेला होता. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत. रोज १२ मिनिटं म्हणजे वर्षाला ४० तास. ८०० तला विसावा हिस्सा. दिवसांत सांगायचं तर २०० पैकी १० दिवस. फळ्यावर लिहून दाखवलं. अध्यक्ष बघत राहिले आणि म्हणाले, बाई, दहा दिवस तर तसेही सर्वेक्षणात आणि निवडणुकीच्या कामात जातात तुमचे. सगळे हसले, मीही हसले. खरंच आहे ते.

नियमांचं सांगितलं. एजन्सीचा माणूस आला होता, चांगला पोरगा आहे, दहिवडीचाच. म्हणाला, मॅडम, बिस्किट आणि पावडर वर विचारून काढता येईल, पण मग टीव्ही ३२ इंची मिळेल. हे ऐकून सर पहिल्यांदा गप्प झाले. इतका वेळ तेही 'फुकट आहे' असंच म्हणत होते. दोन पदार्थांच्या जाहिराती निघाल्या की ११ इंच कमी, म्हणजे प्रत्येक जाहिरातीची इंचात किंमत ठरलेली होती.

पण बैठक फिरली ती माझ्या हिशेबानं फिरली असं मी म्हणणार नाही. समितीत पालक जास्त असतात, त्यात निम्म्या बायका. जुलैत खुरपं घेऊन आलेली ती आईही सदस्य आहे. आजवर कधी बोलली नव्हती, हजेरीवर अंगठ्याच्या जागी मोठ्या कष्टानं सही करते आणि बसते. ती एवढंच म्हणाली, "मला साबण येकच परवडतोय. आता बाई पावडर बी सांगत्याल, मंजन बी सांगत्याल. मी पोराला किती येळा म्हनू, बाई खोटं बोलत्यात म्हनून?"

कुणीच काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. भिंत मात्र द्यायची नाही असं तिथेच ठरलं, कारण त्या भिंतीवर जत्रेच्या कुस्त्यांची जाहिरात लागते आणि ती जागा सोडायला यात्रा कमिटी तयार नाही. माझ्या तत्त्वांचा त्यात काही वाटा नाही.

वाशीतल्या गावकऱ्यांच्या मंडळाला जत्रेत टीव्हीसाठी विचारायचं, असं अध्यक्ष म्हणालेत. लातूरचे सर, मला तुमचा प्रोजेक्टर आठवतोय, त्यामुळे मी फार आशा लावून बसलेली नाही. तोवर माझा फोन आहे, त्यावर समुद्र दाखवलाय. ४१ पोरं, सहा इंचांचा समुद्र. पाच-पाच जणांनी बघायला अख्खी दुपार गेली.

आणि अर्धी ओळवाले दादा, हो. तीच ओळ होती.

त्या चौथीतल्या मुलाला मी 'माझी सकाळ' परत लिहायला सांगितलं. म्हटलं, जशी असते तशी लिही. तो म्हणाला, "बाई, किटलीचं लिवलं तर मार्क कमी हुत्याल का?" म्हटलं, नाही होणार. काल लिहून आणलं त्यानं. पानभर आहे, आधीच्या दुप्पट. म्हशीची धार काढताना शेपूट तोंडावर कशी बसते, केंद्रावर नंबर लावायला किटल्याच रांगेत ठेवून पोरं बाजूला गोट्या कशा खेळतात, पाणी घातलेलं मशीनला कसं कळतं, सगळं. शुद्धलेखनाच्या चौदा चुका. शेवटचं वाक्य असं: 'फॅट साडेसहा लागली की आजी मला पाच रुपये देती.'

दहापैकी नऊ दिले. त्या पाच रुपयांचं काय घेतो ते विचारलं नाही. दुकान आमच्या फाटकापासून पंधरा पावलांवर आहे, दाराला पुड्यांच्या माळा लटकवलेल्या. तो ५० मीटरचा नियम दुकानदाराला कोण सांगणार, हाही आता माझ्यापुढे प्रश्नच आहे. तो अध्यक्षांचा चुलतभाऊ लागतो.